यादीत नसलेला गैरहजर

१

धोंडिबा साळवे शनिवारी पहाटे गेले. सोमवारी सकाळी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात उत्तरा चौबळनं पर्स टेबलावर ठेवली न ठेवली तोच प्रीतमसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावून सांगितलेलं काम कधी सरळ नसतं, हे नोकरीत केस पांढरे झालेल्या उत्तराला आता कुणी शिकवायला नको होतं.

प्रकरण असं होतं. ठाकुर्लीत एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं. ज्यांना स्वतःहून येणं झेपत नाही अशा रुग्णांना केंद्राची गाडी आणायची आणि परत सोडायची. कुणाला कुठल्या थांब्यावरून उचलायचं याची यादी रोज सकाळी कॉम्प्युटर काढायचा, आणि त्या कॉम्प्युटरचा सगळा कारभार उत्तराच्या कंपनीकडे होता. धोंडिबांचे वार मंगळवार आणि शुक्रवार. गेल्या मंगळवारच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. शुक्रवारीही आलं नाही. गाडी थांबली नाही, डायलिसिस झालं नाही, अंगात पाणी साठत गेलं आणि माणूस हकनाक गेला.

"केंद्रातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही?" उत्तरानं विचारलं.

"तिथली हजेरीसुद्धा आपल्याच यादीवर घेतात," प्रीतमसाहेब म्हणाले.

म्हणजे जो यादीत नाही, तो गैरहजरही नाही. उत्तराला एकदम थकल्यासारखं झालं. तिनं खुर्ची ओढली आणि कुणी म्हणायची वाट न बघता बसली.

"संध्याकाळी ट्रस्टची माणसं येतायत. त्यांना एक नाव हवंय. पहिला मंगळवार चुकला त्याच्या आदल्याच दिवशी, गेल्या सोमवारी, तिथल्या ऑपरेटरनं साळव्यांच्या नोंदीत हात घातलेला दिसतोय. दर्शना तिचं नाव. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. ती जाईल, विषय मिटेल."

"तिनं नाव काढलं?"

"दुसरं कोण काढणार?"

उत्तरा जागेवर आली. चष्मा पुसला, रुग्णांचा तक्ता उघडला आणि साळवे शोधलं. नाव जिथल्या तिथं होतं. चालू रुग्ण, मंगळवार, शुक्रवार, थांबा: पुलाच्या पायऱ्या. कुणीही काहीही काढलेलं नव्हतं.

२

यादी काढणारी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला प्रश्न, महिन्यापूर्वी सिद्धेशनं नव्यानं लिहिली होती. सिद्धेश डोंबिवलीचा, कामाला वाघ, आणि आज सकाळपासून त्याचा चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, माझी क्वेरी बघणार ना?" त्यानंच विचारलं.

"बघणार. बस इथे."

जुनी क्वेरी म्हणजे एक भानगडच होती. तोच तक्ता तीन-तीनदा जोडलेला, पोटात पोट, त्याच्या पोटात आणखी एक. यादी येईपर्यंत गाडीचा ड्रायव्हर चहा पिऊन पिऊन कंटाळायचा आणि रुग्ण उन्हात ताटकळायचे. सिद्धेशनं जास्तीचे जोड उपटून काढले, जिथे शोध लागायला वेळ जायचा तिथे इंडेक्स लावला, आणि दोन पानांची क्वेरी चार ओळींत बसवली. आता बटण दाबलं की यादी हजर. उत्तरानं ती वाचली आणि मनात म्हटलं, पोरानं काम झकास केलंय. मग तिची नजर एका शब्दापाशी थांबली. खरं तर जिथे एक शब्द नव्हता तिथे.

"इथे आधी लेफ्ट जॉइन होता. तू लेफ्ट काढलास."

"हो. त्याच्यामुळे पण वेळ जात होता."

लेफ्ट जॉइन आणि साधा जॉइन यांतला फरक उत्तरा नव्या मुलांना पंगतीवरून समजावायची. लेफ्ट जॉइनच्या पंगतीत घरच्या सगळ्यांना पान मिळतं, जोडीदार आला असो वा नसो. शेजारचं पान रिकामं राहतं एवढंच. साध्या जॉइनच्या पंगतीत जोडीनं आलेल्यांनाच बसायला मिळतं. एकटा आलेला दारातच राहतो, आणि तो आला होता हे वाढप्याला कळतही नाही. इथे रुग्णाची जोडी जमायची थांब्याशी.

"पण मी चेक केलेलं मॅडम," सिद्धेश म्हणाला. "जुन्या नव्या दोन्हींनी याद्या काढून ताडून बघितल्या. एक नाव इकडचं तिकडे नाही. कारण थांबा सगळ्यांनाच आहे. साळव्यांना पण आहे, हे बघा. पुलाच्या पायऱ्या. थांब्यांच्या तक्त्यात पण तोच, पुलाच्या पायऱ्या. जोडी जमायलाच पाहिजे."

उत्तरानं दोन्ही शब्द डोळ्यांत तेल घालून बघितले. अक्षराला अक्षर तेच. एका तक्त्यात धोंडिबा होतं, हजेरीत धोंडीबा. तिला क्षणभर वाटलं, सापडलं. पण रुग्ण जोडले जात होते क्रमांकावरून, नावावरून नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा काही दोष नव्हता.

"लेफ्ट काढताना कुणाला विचारलंस?"

सिद्धेशनं केबिनच्या बंद दाराकडे बघितलं. "सरांना विचारलेलं. थांबा नसलेला माणूस यादीत लागेल का म्हणून. सर म्हणाले, थांबाच नाही तर गाडी जाणार कुठे?"

"केंद्राला कुणी विचारलं?"



३

दुपारी उत्तरा लॅपटॉप खांद्याला लावून ठाकुर्लीच्या केंद्रात पोचली. आत गार होतं. ओळीनं यंत्रं चालू होती आणि माणसं डोळे मिटून पडली होती. कोपऱ्यातल्या टेबलामागे दर्शना बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती बसली होती. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता.

"हा बंद आहे?"

"दोन आठवडे झाले. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो. मी माझ्या मोबाइलवरून करते सगळं."

"साळव्यांचं काय केलंस सोमवारी?"

"थांबा बदलला ताई, बाकी काही नाही. आधी त्यांना गल्लीच्या तोंडाशी घ्यायचे. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, मला पुलाच्या पायऱ्यांवरून घ्या म्हणून. ते फोनवर असतानाच मी बदलला. वाचून पण दाखवला." तिनं मोबाइल पुढे केला. "कॉम्प्युटरवर थांबा यादीतून निवडता येतो. मोबाइलवर ती यादी उघडतच नाही, म्हणून टाइप करावं लागतं. पण मी बरोबर केलेलं. बघा ना तुम्हीच."

उत्तरानं बघितलं. बरोबरच होतं.

"आणि बाकीच्यांचे बदल? मोबाइलवरून केलेले?"

"तीन-चार जणांचे केले. सगळे येतायत की व्यवस्थित." दर्शनाचा आवाज पुन्हा फुटला. "ताई, घरात माझ्या एकटीचा पगार आहे. पण ते जाऊ दे. मी माणूस मारला असं म्हणतायत सगळे. मी नाही ना मारला?"

उत्तराला पोरीची दया आली, आणि दयेनं काही सिद्ध होत नाही याचा वैतागही आला.

"थांबा बदलायचं कारण काय सांगितलं त्यांनी?"

"ड्रायव्हरशी वाजलेलं त्यांचं. नाथाशी."

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिनं शेवटचे दोन शब्द ऐकले होते. "वाजलेलं नाही," ती म्हणाली. "त्यानं सूड घेतला. माझ्या बापाला बघून तो पुढे गेला."

४

ती माया, धोंडिबांची मुलगी. लग्न होऊन कळव्याला दिलेली. केंद्रात वडिलांची फाइल घ्यायला आली होती.

"बाबांना सवय होती," ती सांगू लागली. "घरातून निघाले की कुलूप लागलंय का बघायला परत जायचे. एकदा, दोनदा. गाडी खोळंबायची. नाथा एक दिवस लई बोलला त्यांना, चारचौघांत. बाबांना लागलं ते. पण ते म्हणाले, चूक माझीच आहे, त्याला किती थांबवायचं. म्हणून पायऱ्यांवर जाऊन आधीच बसायचं ठरवलं. नाथाला थांबायला लागू नये म्हणून. आणि शुक्रवारी संध्याकाळी फोनवर मला सांगतात, नाथानं मला बघितलं, हात हलवला आणि गाडी पुढे काढली. मंगळवारी पण तसंच. अजून राग गेला नाही त्याचा."

"तक्रार नाही केली त्यांनी?"

"म्हणाले, गरिबाची नोकरी जाईल. मी म्हटलं, उद्या मी येते आणि तुम्हाला घेऊन जाते. तो उद्या उजाडलाच नाही."

नाथा बाहेर गाडीला टेकून उभा होता. जवळच्याच गावातला, आडव्या बांध्याचा, पन्नाशीचा गडी. उत्तराला बघून त्यानं तोंडातला पानमसाला थुंकला.

"यादीत नव्हता तो मॅडम. यादीत नाय त्याला मी कशाला घेनार? नवीन नियमच हाय, यादीशिवाय गाडीत कोन बसवायचा नाय."

"तुम्ही बघितलंत त्यांना?"

"नाय. मी कशाला बगतो? पुलाखाली गर्दी किती असते."

"पूर्वी यादीत नसलेला कुणी दिसला तर काय करायचात?"

"पूर्वी असं व्हायचाच नाय. जुन्या यादीला खाली शेपूट असायची. नाव हाय पन थांबा नाय, अशी एकदोन मानसं. त्यांना मी फोन लावायचो, बाबा तू कुठं उभा हायस. आता शेपूट येत नाय. मला वाटला, सुधारना झाली." त्यानं गाडीचं दार लावलं. "मला काय म्हाईत म्हाताऱ्याचं. पांढरा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसला तर कुनाला वाटंल तो गाडीसाठी बसलाय?"

ज्याला बघितलंच नाही, त्याचा सदरा पांढरा होता हे नाथाला ठाऊक होतं. पण उत्तराच्या डोक्यात सदऱ्यापेक्षा ते शेपूट अडकून बसलं होतं. ती तशीच आत आली, लॅपटॉप उघडला आणि आजच्या तारखेवर जुनी क्वेरी चालवली, मग वार काढून टाकून सगळ्या रुग्णांवर चालवली.

जुनी क्वेरी तिच्या स्वभावाप्रमाणे रेंगाळत चालली. दर्शनानं मध्येच पाणी आणून ठेवलं. शेवटी यादी आली, आणि खाली शेपूट आलं. धोंडिबा साळवे, थांबा रिकामा. ते अपेक्षितच होतं.

त्यांच्या खाली आणखी एक नाव होतं. कलावती म्हात्रे, कल्याण, कोळसेवाडी. वार सोमवार आणि गुरुवार. थांबा रिकामा.

"आज सोमवार," दर्शना हळूच म्हणाली.

५

"नाथा, गाडी काढ." उत्तरा दारातूनच म्हणाली. अहो-जाहो तिच्या लक्षातही राहिलं नाही. "कोळसेवाडी. कलावतीबाई कुठे उभ्या राहतात?"

"शनिवारी थांबा बदललाय त्यांनी," दर्शना मागून सांगत होती. "मुलाकडे राहायला गेल्या. चक्कीच्या कोपऱ्यावर."

नाथानं एकदा उत्तराकडे बघितलं आणि गाडी काढली.

तो परत येईपर्यंत उत्तराला करण्यासारखं एकच होतं. तिनं मोबाइलवरून बदललेले सगळे थांबे एकाखाली एक मांडले. शाळेसमोर, जोडी जमली होती. गणपती मंदिर, जमली होती. पाण्याची टाकी, तीही. न जमलेले दोनच. पुलाच्या पायऱ्या. चक्कीच्या कोपऱ्यावर.

ती ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग मनातल्या मनात न वाचता ओठांनी वाचले, शाळेत बाई वाचायला लावायच्या तसे. पायऱ्या. कोपऱ्यावर.

"दर्शना," ती म्हणाली, "पायऱ्या टाइप कर बरं. हळू. मला कळा दाखवत."

दर्शनानं टाइप केलं. शेवटच्या जोडाक्षराशी आधी र, मग त्याचा पाय मोडला, मग मोबाइलनं आपणहून सुचवलेला पूर्ण शब्द तिनं निवडला. आडवा, पापणीसारखा र पडद्यावर उमटला. मग उत्तरानं लॅपटॉपवर तोच शब्द टाइप केला. ऑफिसात सगळ्यांच्या कीबोर्डवर या अक्षरासाठी टिंबाचा वेगळा ऱ होता. तोच आडवा र उमटला, तसाच. दोन्ही शेजारी ठेवले तर जन्मदात्यालाही फरक सांगता आला नसता. तिनं कॉम्प्युटरला दोन्ही शब्दांची लांबी विचारली. एक शब्द दुसऱ्यापेक्षा एका अक्षरानं मोठा निघाला.

"पण दिसतात तर सारखेच," दर्शना म्हणाली.

"आपल्याला. त्याला डोळे नाहीत गं. तो अक्षरांमागचे आकडे बघतो. मोबाइलनं साध्या र ला एक न दिसणारी जोडणी लावली, आपल्याकडे सरळ वेगळा ऱ घेतलाय. त्याच्या लेखी पुलाच्या पायऱ्या दोन आहेत, आणि तुझ्या पायऱ्यांवर कुठलीच गाडी जात नाही."

हे असलं अक्षर मराठीशिवाय फारसं कुणाला लागत नाही. त्यामुळे ही चूक करायला आपलीच माणसं हवीत, असं उत्तराच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं नाही.

दर्शनाचा फोन वाजला. नाथा होता. कलावतीबाई चक्कीच्या कोपऱ्यावरच स्टुलावर बसलेल्या सापडल्या होत्या. सकाळपासून बसल्या होत्या. गाडीला आज उशीर झाला असेल म्हणत होत्या.

६

संध्याकाळी ट्रस्टची माणसं येण्याआधी उत्तरा केबिनमध्ये गेली. या वेळी तिनं दार उघडंच ठेवलं आणि सिद्धेशला बरोबर घेतलं.

"दर्शनानं नाव काढलं नाही," ती म्हणाली. "साळव्यांनी सांगितलेला थांबा तिनं तसाच लिहिला. मोबाइलवर यादी उघडत असती तर तिला टाइपच करावं लागलं नसतं. यादी उघडत नाही ही आपली चूक. त्यामुळे जोडी जमली नाही. पण जोडी न जमल्यानं माणूस मरत नव्हता. आधीही कधीमधी जमायची नाही. तेव्हा लेफ्ट जॉइन त्याला शेपटाला लावायचा आणि नाथा फोन करायचा. आपण क्वेरी सोपी केली आणि शेपूट कापलं. सिद्धेशनं ताडून बघितलं तेव्हा केंद्राचा कॉम्प्युटर चालू होता, सगळ्यांच्या जोड्या जमत होत्या, म्हणून फरक दिसला नाही. कॉम्प्युटर बिघडला त्यानंतर."

"म्हणजे मूळ चूक एंट्रीचीच," प्रीतमसाहेब म्हणाले.

"लेफ्ट मी काढला सर," सिद्धेश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण वाक्य त्यानं पूर्ण केलं. "तुम्हाला विचारून."

प्रीतमसाहेबांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. "उत्तराताई, ट्रस्टला एक नाव पाहिजे. असं सगळं लिहिलंत तर त्यांना काय कळणार?"

"एक शब्द काढला तर काय होतं, एवढं कळेल. दर्शनाचं नाव मी लिहिणार नाही. माझी सही हवी असेल तर हेच जाईल."

तिला भांडायचं नव्हतं. तिला घरी जाऊन पाय वर घेऊन पडायचं होतं. कदाचित तिच्या आवाजातला तो शीणच साहेबांना जास्त लागला असेल. त्यांनी पेपरवेट ठेवला आणि कागद पुढे ओढला.

क्वेरी दुरुस्त करायला काहीच वेळ लागला नाही. सिद्धेशचं बाकीचं सगळं काम तिनं तसंच ठेवलं, ते चांगलंच होतं. लेफ्ट हा शब्द परत घातला. यादी तरीही बटण दाबताच आली, म्हणजे त्या एका शब्दानं वेळ असा काही जातच नव्हता. सिद्धेश ते बघून टेबलावर डोकं ठेवून बसला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरा ठाकुर्लीच्या पुलाखाली आली. अहवालात सगळं आलं होतं, एक पांढरा सदरा सोडून. तो कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता. नाथाची गाडी कडेला उभी होती. पायऱ्यांवर, खालून तिसऱ्या-चौथ्या पायरीशी, माया बसली होती. उत्तरानंच तिला बोलावून घेतलं होतं.

"नाथा," उत्तरा म्हणाली, "तुम्ही त्यांना बघितलं होतंत."

नाथा गाडीच्या आरशाकडे बघत राहिला. मग मान हलवली.

"दोन्ही येळेला बगितला. इथंच बसलेला. मला वाटला, माझ्यावर रागावून त्यानं गाडी सोडली, पोरीनं दुसरी सोय केली असंल. यादीत नाव नाय म्हंजे तेच ना? मी तेला नको ते बोललेलो, चार लोकांत. नंतर मलाच झोप नाय. मंगळवारी मी वळनावर आलो, तर त्यानं हात वर केला." नाथानं आपला हात वर केला, पंजा उघडा. "रोज गाडीत चढताना तो असाच जय भीम करायचा मला. मला वाटला, जय भीम केला. राग गेला म्हाताऱ्याचा. म्हनून मी पन केला, आनि हसलो. शुक्रवारी पन तसाच."

माया पायऱ्यांवरून उतरून खाली आली. तिला काहीतरी बोलायचं होतं. कालपासून ती तेच घोळवत असणार. पण ते आता तिच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"ते गाडी थांबवत होते," ती म्हणाली.

"व्हय पोरी. आता कळला."

"बाबांना वाटलं, तू अजून रागावलायस."

नाथानं गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं. "आनि मला वाटला, आमचा मिटला," तो म्हणाला. "दिवसभर किती बरा वाटलेला मला."

माया त्याच्याशेजारी गाडीला टेकून उभी राहिली. नाथाच्या मोबाइलवर यादी आली. त्यानं ती खालपर्यंत सरकवली, शेपटाला एक नाव होतं, थांबा रिकामा. त्यानं फोन लावला आणि पलीकडून आवाज यायची वाट बघत राहिला.